छतातला आंबेमोहोर

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही. जिवाभावाच्या मैत्रिणी आहेत, त्यांनाही नाही. देवासमोर हात जोडते तेव्हासुद्धा हा विषय हळूच ओलांडून पुढे जाते — त्याला तर म्हणे सगळं ठाऊक असतं, मग बोलायचं कशाला? तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असता, तर आत्ताही नसतं सांगितलं. तेवढं धाडस तेव्हा नव्हतं, आजही नाही.

आधी एका जनावराबद्दल सांगते, मग माणसांकडे येते. माणसांपासून सुरुवात केली तर मी स्वतःला अलगद सावरून घेईन. ती कला मला चांगली येते. बँकेत दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घेते मी. आपल्या कशा झाकायच्या हे आपोआप शिकतं माणूस.

तर उदमांजर. मांजराएवढंच, पण लांबुडकं. राखाडी-काळं अंग, डोळ्यांभोवती काळा पट्टा, आणि अंगाएवढी लांब शेपटी. सिंगापूरच्या पूर्वेकडे, मरीन परेडच्या मागच्या गल्ल्यांत, जुन्या कौलारू घरांच्या माळ्यांवर ती राहतात. इथे त्यांना मुसांग म्हणतात. आमच्या भोरकडे जुनी माणसं मसण्याऊद म्हणायची. मसणात उकरतं, मेलेलं खातं, घरावर आलं तर घरातलं कुणीतरी जातं. लहानपणी संध्याकाळी मी परसात जायला घाबरायचे ते ह्याच नावाने. आणि मला हसून समजावणारी होती माझी आई. शाळेत शिकवायची ती. म्हणायची, ‘अगं खुळे, ते मेलेलं कशाला खाईल? त्याला केळी, चिकू, बोरं आवडतात. गोडघाशं जनावर आहे ते, तुझ्या बाबांसारखं.’

हे वाक्य लक्षात ठेवा. मी ते विसरले नव्हते — कधीच नाही.

बाबा गेले तेव्हा दहाव्याला नदीकाठी कावळा शिवेना. पिंड मांडलेले, समोरच्या झाडावर कावळेच कावळे, पण एक खाली उतरायला तयार नाही. अशा वेळी काय करतात ठाऊक आहे ना? गेलेल्याची इच्छा काय राहिली असेल ती ओळखायची आणि मोठ्याने कबूल करायची. काका म्हणाले शेताचं बघतो. कावळे ढिम्म. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले, एकुलती एक लेक मी. मी पुढे झाले, हात जोडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, ‘बाबा, आईला मी अंतर देणार नाही. माझ्यापाशी ठेवेन, जिवापाड जपेन.’ लोकांचे डोळे भरून आले. कावळे बघत राहिले. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि आम्ही घरी आलो. माझा कावळ्यालाही भरवसा वाटला नाही, असं मी नंतर नवऱ्याला हसत सांगितलं होतं. ते हसू पुढे फार दिवस टिकलं नाही.

आईला सिंगापूरला आणलं. जपायला आणलं असं भोरमध्ये सगळे म्हणाले, मी कुणाला दुरुस्त केलं नाही. खरं काय होतं? नवऱ्याची नोकरी तेव्हा जकार्तात, तो शनिवार-रविवारी यायचा. आमची मुलगी इरा प्रायमरी टूमध्ये, म्हणजे दुसरीत. ती शाळेतून दुपारी यायची आणि मी ऑफिसातून यायचे दिवेलागणीला. घरात कामाला बाई ठेवायची माझी तयारी नव्हती, नोकरी सोडायची तर मुळीच नव्हती. आई आली आणि सगळं जागच्या जागी बसलं. फक्त आईचं मन बसेना. एका जुन्या तीन मजली इमारतीत अगदी वरच्या मजल्यावर आमचा फ्लॅट होता, डोक्यावर लाकडी छत आणि त्यावर कौलं. ती खिडकीत उभी राहायची आणि म्हणायची, ‘दिवाळीपर्यंत राहते हं. मग मला सोडून ये. घर बंद राहिलं की वाळवी लागते.’

दिवाळी जवळ येत चालली तशी मी तिकिटाचा विषय टाळायला लागले. आणि मग एका संध्याकाळी तो वास आला.

मी नुकतीच घरी येऊन चपला काढत होते. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. ‘भाताला आधण ठेवलंयस का गं?’ मी म्हटलं, मी तर आत्ताच येतेय. तिने नाक वर केलं. ‘मग आंबेमोहोर कुठे शिजतोय?’

खरंच येत होता. मऊ, दुधाळ, कुकरची शिट्टी होताना यावा तसा. बाबांना रोज रात्री आंबेमोहोराचा गुरगुट्या भात लागायचा, वर मेतकूट आणि तूप. मरीन परेडमध्ये आंबेमोहोर कोण शिजवणार? दुसऱ्या दिवशी पुन्हा आला, तिन्हीसांजेलाच. तिसऱ्या दिवशी आईने काही विचारलं नाही. ताटलीत भात वाढला, मेतकूट घातलं, शेजारी एक केळं ठेवलं आणि ताटली मागच्या बाल्कनीत नेऊन ठेवली. सकाळी ताटली स्वच्छ. आई माझ्याकडे वळली तेव्हा तिचा चेहरा उजळला होता — आणि मला भीती वाटली. ‘कावळा शिवला नाही ना,’ ती म्हणाली, ‘उपाशीच राहिले ते. माझ्या मागोमाग इथवर आले बघ.’

माझी आई भोळी नव्हती. सत्यनारायणाला तीर्थप्रसादापुरती जाणारी बाई. पण नाकावर तिचा फार विश्वास. दूध नासायच्या आधी तिला कळायचं, मसाला भाजताना बाहेरच्या खोलीतून ओरडायची, ‘धणे उतरव, पुढे जातायत.’ आणि ते नाक तिला सांगत होतं की बाबा आलेत.

मला कधी कळलं? लवकरच. एका पहाटे दात घासत बाल्कनीत गेले, तर कपडे वाळत घालायच्या बांबूंवरून उदमांजर चालत होतं. थांबलं. माझ्याकडे बघितलं. तोंडात केळ्याचा तुकडा. घाई नाही, भीती नाही. वळून पाण्याच्या पाइपवरून वर गेलं आणि छपराच्या कडेच्या फटीत शिरलं. मागे वास राहिला, आंबेमोहोराचा. ऑफिसात जाऊन मी शोधलं. आपली हद्द सांगायला ते जो वास सोडतं, तो अगदी इथे केकमध्ये घालतात त्या पंदानच्या पानांसारखा येतो, असं लिहिलं होतं. पंदान आणि आपला आंबेमोहोर, दोन्हींचा वास एकच. इथली माणसं तो वास आला की केक म्हणतात. आम्ही भात म्हणालो. आम्हीच तेवढे म्हणणार.

आईला त्या दिवशी सांगता आलं असतं. ती हसली असती हो! ‘बघ, गोडघाशं,’ असंच म्हणाली असती. पण त्याच आठवड्यात ती मला म्हणाली होती, ‘दिवाळीचं राहू दे. हे इथे आहेत तर मी कुठे जाऊ?’ मी ऑफिसला निघाले. इरा दुपारी तिच्या हातचं गरम जेवली. मी गप्प बसले. आईला आनंद होतोय, होऊ दे की — असं मी मनाला समजावलं. आता सांगा, ज्या आनंदात आपली सोय असते त्याला काय म्हणतात?

पण गप्प बसणं एवढीच माझी गोष्ट असती, तर ती मी कधीच कुणालातरी सांगून मोकळी झाले असते.

हळूहळू आई बाल्कनीत बसून बोलायला लागली. शेजारच्यांचं, पावसाचं, इराच्या अभ्यासाचं. मग एक दिवस तिचं बोलणं बदललं. ‘हे बरं नाही,’ ती मला म्हणाली. ‘त्यांना परक्या मुलखात किती दिवस घुटमळत ठेवू? भोरला घेऊन जाते. नदीवर पुन्हा सगळं नीट करते, पोटभर जेवायला घालते आणि वाटेला लावते. तिकीट काढ.’ आता कळलं का? ज्या वासाने तिला इथे धरून ठेवलं होतं, तोच आता तिला घेऊन जाणार होता. मी हिशेबी बाई. मी विचार केला — वासच थांबला तर? तिला वाटेल, तृप्त होऊन गेले. मग तिला भोरला जायची घाई उरणार नाही, पुढचं मी रेटत नेईन.

खालच्या मजल्यावर एक म्हातारे चिनी गृहस्थ एकटेच राहायचे. जिन्यात भेटले तेव्हा मी छतातल्या फटीबद्दल विचारलं. ते खूश होऊन इथल्या ‘लाह’ लावायच्या इंग्रजीत म्हणाले, ‘मुसांग, लाह! मदर. इन्साइड गॉट बेबी. वेट अ वाइल, दे ग्रो, दे गो. नो नीड टू क्लोज, ओके?’ तळहात एकमेकांजवळ धरून त्यांनी पिल्लं केवढी असतील तेही दाखवलं. मी ओके म्हटलं.

म्हणजे मला माहीत होतं. हे तुमच्यापासून लपवणार नाही, कारण इथेच सगळेजण मला वाट काढून देतील — तुला काय कल्पना, बाई! होती. पूर्ण होती.

मी छपराच्या दुरुस्तीवाल्याला संध्याकाळी बोलावलं. आईला आणि इराला समुद्रावर फिरायला पाठवलं. बाल्कनीत उभी राहून वाट बघितली. अंधारायला लागल्यावर ती पिल्लांची आई फटीतून बाहेर आली, कौलांच्या कडेवर जरा थांबली, वास घेतला आणि वायरवरून समोरच्या आंब्याच्या झाडावर गेली. मग मी दुरुस्तीवाल्याला आत घेतलं. शिडीवर चढण्याआधी त्याने विचारलं, आत काही आहे का? मी म्हणाले, नाही, रिकामं आहे. त्याने जाळी ठोकली, वरून सिमेंट लावलं. आई आणि इरा हातात कणसं घेऊन परत आल्या तेव्हा मी जमीन पुसून ठेवली होती.

आवाज दुसऱ्या दिवशी सुरू झाला. शनिवार होता, भर दुपार; नवरा त्या आठवड्यात जकार्तातच अडकला होता. आधी बारीक, चिवचिवल्यासारखा. मग मोठा. मग — मी कसं सांगू? तान्हं मूल भुकेने रडतं ना, आधी रागाने आणि मग दमून, तसा. आणि दिवस मावळला की बाहेरून कौलांवर नखं. ओरखडे, थांबणं, पुन्हा ओरखडे. त्या संध्याकाळी आंबेमोहोर आला नाही. आली ती भयंकर घाण, डोळ्यांत पाणी आणणारी. इराच्या वर्गात नुकताच स्कंक नावाच्या घाण वास सोडणाऱ्या प्राण्यावर प्रोजेक्ट झाला होता. ती माझ्या खोलीत येऊन कुजबुजली, ‘आई, लाइक स्कंक. दे ओन्ली डू दॅट व्हेन दे आर व्हेरी स्केअर्ड. फर्स्ट दे वॉर्न यू. नोबडी लिसन, देन दे डू.’ मग छताकडे बोट दाखवलं. ‘समथिंग क्रायिंग अपस्टेअर्स. वी मस्ट ओपन, लाह.’ मी म्हटलं, आजीला घाबरवू नकोस. काही बोलू नकोस. उद्या बघू.

आई जेवणाच्या टेबलाशी बसली होती. तोंड पांढरं पडलेलं. ‘कुणीतरी रडतंय गं,’ ती म्हणाली. ‘वर रडतंय. उपाशी आहे.’

तेव्हा तरी उठायचं होतं. शिडी मागायची, जाळी उचकटायची — कितीसं काम होतं? पण उघडलं असतं तर सगळंच बाहेर आलं असतं. वास कशाचा ते, मला केव्हापासून ठाऊक होतं ते, भोक कुणी बुजवलं ते. आणि का, ते. मी ताटं मांडत म्हणाले, ‘मला तर काही ऐकू येत नाही, आई.’

वर त्या क्षणी ते किंचाळत होतं.

आईने माझ्याकडे बघितलं. मग ती इराकडे वळली. ‘तुला येतंय ना गं, इरू?’ आणि माझी सात वर्षांची मुलगी — जी खोटं बोलली की कान लाल व्हायचे तिचे — तिने आधी माझ्याकडे बघितलं. मी डोळे वटारले नाहीत, मान हलवली नाही. नुसती बघत राहिले. इरा म्हणाली, ‘नो, आजी.’

हा माझा गुन्हा. वरचं जे मेलं तोही आहेच. पण ज्या क्षणाला मी रोज परत जाते तो हा. त्या टेबलाशी एक म्हातारी बाई खरं ऐकत होती, एक मूल खरं ऐकत होतं, आणि मी दोघींच्या कानांवर हात ठेवले.

आवाज लगेच थांबला नाही. आईने तेवढे दिवस अन्न टाकलं होतं. ती स्टुलावर चढून छताला हात लावायची, ‘आले हं, आले,’ म्हणायची. मी तिला खाली उतरवायचे. मग आवाज बारीक झाला, मग एकट्याचा झाला, मग थांबला. नखंही थांबली. मग दुसरा वास आला आणि तोही मी नाकारला. त्याबद्दल अधिक सांगत नाही.

मी आईला डॉक्टरकडे नेलं. कान तपासले, उत्तम निघाले. आणि हेच वाईट झालं. कान चांगले, म्हणजे बिघाड दुसरीकडेच असणार. डॉक्टरीणबाईंनी मला हळुवारपणे विचारलं, घरात आणखी कुणाला आवाज येतो का, वास येतो का? मी म्हणाले, नाही. नुकतेच वडील गेलेत, असंही म्हणाले. तेवढं खोटं नव्हतं. आईला झोपेच्या गोळ्या मिळाल्या. तिने त्या निमूट घेतल्या. तिने भोरचं नाव पुन्हा काढलं नाही, तिकिटाचंही नाही. ती राहिली. मला हवं तेच झालं.

पुढे काय झालं ते बारीकसारीक आहे. दुधाचं भांडं ती माझ्यापुढे धरायची. ‘नासलंय का गं? मला वास येतोय, पण माझं काही खरं नाही.’ दाराची बेल वाजली तर आधी इराकडे बघायची, खरंच वाजली का म्हणून. मसाला भाजताना माझ्या हातात झारा द्यायची. जिने माझी मसण्याऊदाची भीती घालवली होती, ती आपल्याच नाकाला घाबरायला लागली. खालच्या आजोबांनी जिन्यात माझ्याशी बोलणं सोडलं; आईला मात्र पपई आणून द्यायचे. त्यांना आवाज आला असणार ना? त्यांच्याकडे बघायचं मी टाळलं.

त्या प्राण्याबद्दल मी नंतर पुष्कळ वाचलं. ऑफिसात जेवताना, लपून वाचावं तसं. ते कुणावर चालून जात नाही. फळं खातं आणि बिया लांब लांब टाकून झाडं लावतं. उंदीर खातं. पिल्लं आई एकटीच वाढवते. आणि घाण वास सोडणं म्हणजे त्याचा हल्ला नाही, ती त्याची शेवटची विनवणी. माझ्या मुलीला सातव्या वर्षी कळलं ते मला वाचून कळलं. वाचायची तरी काय गरज होती? आईने मला परसात उभं करून शिकवलंच होतं. त्या घरात ज्या एका माणसाला उदमांजराची भीती वाटली नसती, ती आई होती. तिला सांगितलं असतं तर तीच पदर खोचून शिडीवर चढली असती, आणि पिल्लं भोरची असल्यासारखी खाली घेऊन आली असती.

आई दोन वर्षांपूर्वी गेली. तेव्हा ती भोरलाच होती; इरा मोठी झाल्यावर मी आईला परत सोडून आले होते. नदीकाठी पिंड मांडले आणि आम्ही मागे सरकण्याआधीच कावळा शिवला. मला काही कबूल करायची वेळच आली नाही. बायका म्हणाल्या, बघा कशी तृप्त गेली, काही मागणं उरलं नव्हतं. मी मान हलवली. माझ्याकडे काही मागायचं तिने कधीच सोडलं होतं, हे त्यांना कुठून माहीत असणार?

आता आम्ही सिंगापूरमध्येच, तोआ पायोहला राहतो. पंधरावा मजला, वर कौलं नाहीत, छतात पोकळी नाही. इरा पॉलिटेक्निकला आहे. शहाणी आहे, कमी बोलते. ‘त्या’ घराबद्दल आम्ही दोघी कधीही बोललेलो नाही. तिला आठवत नसेल, असं मी बरीच वर्षं धरून चालले होते.

परवा तिन्हीसांजेला मी चपला काढत होते आणि घरात आंबेमोहोर शिजत होता. गॅस बंद. कुकर घासून पालथा घातलेला. मी खिडक्या बघितल्या, खाली वाकून बघितलं, दार उघडून कॉरिडॉर बघितला. वास घरातच होता. मऊ, दुधाळ. इरा टेबलाशी लॅपटॉप उघडून बसली होती. मी तिला विचारलं, तुला येतोय का गं वास, भाताचा?

तिने मान वर केली. माझ्याकडे बघितलं. तिचे कान लाल झाले की नाही ते दिव्याच्या उजेडात मला दिसलं नाही.

‘नो, आई,’ ती म्हणाली.

मी पुन्हा विचारलं नाही.